पॅरिसमध्ये मुक्कामाची जागा कशी निवडावी

पॅरिसला जायचे ठरले की बहुतेक घरांत हॉटेलचा शोध एकाच सूचनेने सुरू होतो, ती म्हणजे ‘आयफेल टॉवरच्या जवळपास बघ’. आमच्याकडेही तसेच झाले होते. मी दोन संध्याकाळी नकाशावर टॉवरभोवती वर्तुळे काढत बसले होते, तेव्हा आईने चष्म्यावरून बघत विचारले, “अगं, टॉवर काय उशाशी घेऊन झोपायचाय का?” प्रश्न चेष्टेचा असला तरी मुद्दा अचूक होता. पाच दिवसांच्या सहलीत टॉवरपाशी आपण एकदा, फार तर दोनदा जातो. मुक्कामाच्या जागेकडे मात्र रोज रात्री, पाय दुखत असताना परतावे लागते. म्हणून जागा निवडताना ‘बघायचे काय आहे’ यापेक्षा ‘परत कसे यायचे आहे’ हा प्रश्न आधी सोडवावा, असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आधी शहराचा आवाका समजून घ्या

मूळ पॅरिस शहर आपल्याला वाटते त्यापेक्षा लहान आहे. उत्तर-दक्षिण अंतर साधारण साडेनऊ किलोमीटर, म्हणजे दादर ते चर्चगेट एवढेच भरते, आणि पूर्व-पश्चिम अंतर त्याहून थोडे जास्त आहे. या भागाला ‘पेरिफेरिक’ नावाचा सुमारे ३५ किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग वेढा घालतो. शहर २० प्रभागांत विभागलेले असून अशा प्रभागाला तिथे ‘अराँदिसमाँ’ म्हणतात. १८६० मध्ये आजूबाजूची गावे शहरात घेतल्यानंतर ही रचना झाली. लूव्र संग्रहालयापासून पहिला क्रमांक सुरू होतो आणि गोगलगाईच्या शंखासारखे गोल गोल फिरत बाहेरच्या कडेला विसावा क्रमांक येतो. त्यामुळे क्रमांक लहान म्हणजे मध्यवर्ती, हा ढोबळ नियम बऱ्याच अंशी खरा ठरतो.

इथे एक साधी युक्ती फार उपयोगी पडते. हॉटेलच्या पत्त्यातील पिनकोड पाहा. तो ७५०ने सुरू होत असेल तर जागा खरोखर पॅरिस शहरात आहे आणि शेवटचे दोन आकडे प्रभागाचा क्रमांक सांगतात. उदाहरणार्थ, ७५०१२ म्हणजे बारावा आणि ७५००५ म्हणजे पाचवा प्रभाग. पिनकोड ९२, ९३, ९४, ९५ किंवा ७७ ने सुरू होत असेल, तर हॉटेलच्या नावात कितीही ठळकपणे ‘पॅरिस’ लिहिलेले असले तरी ते शहराबाहेर आहे. बाहेर असणे हा काही दोष नव्हे, पण ते माहीत नसताना पैसे भरणे मात्र चूक आहे.

येण्याचा आणि निघण्याचा मार्ग कागदावर मांडा

दुसऱ्या पायरीत आपण पॅरिसमध्ये कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार हे लिहून काढावे. भारतातून येणारी बहुतेक विमाने शार्ल द गॉल विमानतळावर उतरतात. तिथून आरईआर बी ही उपनगरी गाडी गार द्यू नॉर, शातले, सँ-मिशेल, लुक्झाँबूर आणि दाँफेर-रोशरो या स्थानकांवरून शहराच्या आरपार जाते. यांपैकी कोणत्याही स्थानकापासून चालत जाण्याजोगी जागा मिळाली, तर पहिल्याच दिवशी सामानासह गाडी बदलण्याचा ताप टळतो. शातलेचे स्थानक मात्र अवाढव्य आहे. नकाशावर तिथे गाडी बदलणे सोपे दिसते, पण प्रत्यक्षात लांबलचक बोगदे आणि जिने तुडवावे लागतात. आरईआर बीवर रात्री उशिरा देखभालीची कामेही वारंवार चालतात. विमान रात्री अकराच्या सुमारास पोहोचणार असेल, तर गाडीच्या भरवशावर न राहता टॅक्सीचा खर्च धरूनच जागा शोधावी. विमानतळ ते शहर टॅक्सीचे दर सरकारने ठरवून दिलेले आहेत. २०२५ मध्ये शार्ल द गॉलहून सेन नदीच्या उजव्या, म्हणजे उत्तरेकडच्या तीरावर जायला ५६ युरो आणि डाव्या, म्हणजे दक्षिणेकडच्या तीरावर जायला ६५ युरो लागत. चौघांचे कुटुंब आणि चार बॅगा असतील तर हा पर्याय वाटतो तितका उधळपट्टीचा नाही, कारण त्याच वर्षी विमानतळाचे गाडीचे तिकीट माणशी १३ युरो होते.

आपल्याकडील बरीच कुटुंबे पॅरिसला जोडून स्वित्झर्लंड करतात. तिकडच्या वेगवान गाड्या गार द लियों स्थानकातून सुटतात, तर लंडन, ब्रसेल्स आणि अॅमस्टरडॅमच्या गाड्या गार द्यू नॉरमधून. पॅरिसमध्ये सगळ्या दिशांच्या गाड्या एका स्थानकात येत नाहीत, ही गोष्ट निघण्याच्या दिवशी सकाळी सहा वाजता लक्षात येणे परवडत नाही. पुढची गाडी सकाळी लवकर असेल, तर त्या स्थानकाच्या बाजूला मुक्काम असण्याचे मोल टॉवरच्या दर्शनापेक्षा जास्त आहे.

मग स्थानक निवडा, वस्ती नंतर

पॅरिसच्या जाहिरातींत वस्त्यांची नावे फार मोहक वाटतात. माझा सल्ला असा की, आधी आपल्या सोयीची दोन-तीन मेट्रो स्थानके ठरवावीत आणि त्यांच्यापासून पाच-सात मिनिटांच्या चालीतच जागा शोधावी. शहरात मेट्रो स्थानके इतकी दाट आहेत की ‘मेट्रोजवळ’ या शब्दाला तिथे फारसा अर्थ नाही. जवळचे स्थानक कोणत्या मार्गावर आहे, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या हिशेबात पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी दोन स्थानके सर्वांत उपयोगी ठरतात. पहिले म्हणजे बाराव्या प्रभागातील गार द लियों. मेट्रोचा मार्ग १ इथून बास्तिय, लूव्र आणि शाँझेलिझेकडे सरळ जातो. मार्ग १४ हा पूर्ण स्वयंचलित असून त्याच्या सर्व स्थानकांवर लिफ्ट आहेत, आणि जून २०२४ पासून तो थेट ऑर्ली विमानतळापर्यंत जातो. आरईआर ए या गाडीने डिस्नेलँडला गाडी न बदलता पोहोचता येते. मुलांसाठी डिस्नेलँड आणि पुढे स्वित्झर्लंड, असा बेत असेल तर यापेक्षा सोयीची जागा मला तरी सुचत नाही. परिसर देखणा वगैरे नाही, स्थानकाबाहेर असते तशी वर्दळ आहे. मात्र दोन गल्ल्या आत गेले की नेहमीची राहती वस्ती सुरू होते.

दुसरे स्थानक म्हणजे चौदाव्या प्रभागातील दाँफेर-रोशरो. शार्ल द गॉलहून येणारी आरईआर बी इथे थेट येते. मेट्रोचा मार्ग ४ इथून नोत्र दामच्या बेटावर नेतो आणि मार्ग ६ आयफेल टॉवरजवळच्या बिर-आकेम स्थानकावर नेऊन सोडतो. मार्ग ६ बराचसा जमिनीवरून उंच बांधलेल्या पुलांवर धावतो आणि बिर-आकेमनंतर सेन ओलांडताना खिडकीतून टॉवर समोर येतो. हे दृश्य तिकिटाच्या किमतीत फुकट मिळते. स्थानकाच्या बाजूलाच र्यू दागेर हा बाजाराचा रस्ता आहे. तिथली फळांची, पावाची आणि चीजची दुकाने पाहिली की संध्याकाळच्या खाण्याची चिंता निम्मी होते.

आता बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. पाचवा आणि सहावा प्रभाग, म्हणजे सोर्बोन विद्यापीठ आणि लुक्झाँबूर बागेचा परिसर, चालत फिरणाऱ्यांसाठी उत्तम आहे, पण खोल्या लहान आणि महाग असतात. तिसऱ्या-चौथ्या प्रभागातील मारे ही वस्ती सुंदर आहे, मात्र शनिवारी रात्री रस्त्यावरचा आवाज खिडकीतून आत येतो. सातवा प्रभाग टॉवरचा. र्यू क्लेरच्या आसपासचा भाग सोडला तर रात्री नऊनंतर तो चिडीचूप असतो, आणि टॉवर दिसणाऱ्या खोलीचे वेगळे पैसे मोजावे लागतात. नवव्या प्रभागातील ऑपेरा परिसर मोठ्या दुकानांत खरेदी करणाऱ्यांना सोयीचा आहे. अकराव्यात खाण्यापिण्याची रेलचेल आहे आणि तितकीच रात्रीची जागरणेही. पंधरावा प्रभाग कोणत्याही चित्रात नसतो, पण शांत आहे आणि लहान मुले असणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा. तेराव्यात प्लास दितालीच्या आसपास दर तुलनेने हलके असतात आणि मेट्रोची सोय चांगली आहे.

अठराव्या प्रभागातील मोंमार्त्रबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण छायाचित्रे पाहून अनेक जण तिथेच राहायचे ठरवतात. ही टेकडी सुमारे १३० मीटर उंचीची आहे आणि तिथल्या जिन्यांची छायाचित्रे जितकी सुंदर, तितकेच ते बॅग ओढताना त्रासदायक असतात. आबेस हे तिथले मेट्रो स्थानक जमिनीखाली ३६ मीटर आहे. लिफ्ट बंद असेल तर गोल जिना चढण्याला पर्याय नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांनी तिथे फिरायला जावे, राहायला नव्हे.

दहाव्या प्रभागात गार द्यू नॉरच्या मागे, ला शापेलकडे जाताना, श्रीलंकेतील तमिळ समाजाची मोठी वस्ती आहे. इडली-डोसा, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, तूरडाळ असे सगळे इथे मिळते. दर वर्षी गणेश चतुर्थीच्या सुमारास तिथल्या माणिक विनायकर मंदिराचा रथ रस्त्यावर निघतो आणि नारळ फुटतात. ते पाहताना घरची आठवण न होणारा मराठी माणूस विरळाच. तरीही गार द्यू नॉर, ला शापेल आणि बार्बेस यांच्या मधल्या पट्ट्यात मुक्काम करण्यापूर्वी विचार करावा. स्थानक परिसरात पाकीटमारांचा सुळसुळाट असतो आणि रात्री उशिरा काही रस्ते अस्वस्थ करणारे वाटतात. जेवायला तिथे जा आणि झोपायला दुसरीकडे या, असे मी सांगेन. पहाटेची लंडनची गाडी असेल तर एका रात्रीपुरता अपवाद करायला हरकत नाही.

शहराबाहेर राहायचे असल्यास मार्ग १ च्या दोन टोकांचा विचार करावा. पूर्वेला व्हँसेन हे किल्ला आणि मोठे वन असलेले निवांत उपनगर आहे आणि तिथे आरईआर एसुद्धा थांबते. पश्चिमेला ला देफाँस हा उंच इमारतींचा कचेऱ्यांचा भाग आहे. तिथली हॉटेले कामासाठी येणाऱ्यांवर चालत असल्यामुळे शनिवार-रविवारी आणि ऑगस्टमध्ये पुष्कळदा स्वस्त होतात, पण संध्याकाळी तो परिसर सुना वाटतो.

हॉटेल, स्वयंपाकघरासहित खोली की घर?

तीन रात्रींपर्यंतच्या मुक्कामाला हॉटेल बरे. त्याचे मुख्य कारण खोली नसून स्वागतकक्ष हे आहे. सकाळी सात वाजता विमान उतरते आणि खोली दुपारी तीनला मिळते, त्या आठ तासांत बॅगा ठेवून घ्यायला कोणी असणे फार महत्त्वाचे आहे. भाड्याच्या घरात ती सोय बहुधा नसते.

चार रात्रींहून जास्त मुक्काम आणि घरात शाकाहारी, मधुमेही किंवा लहान मुले असतील, तर लहानशा स्वयंपाकघरासह मिळणारी हॉटेलची खोली, जिला तिथे ‘अपार्ट-हॉटेल’ म्हणतात, हा सर्वांत चांगला मध्यममार्ग आहे. पॅरिसमध्ये अनेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी सातपर्यंत उघडत नाहीत. आपण नेमके चार वाजता भुकेने कासावीस होतो. अशा वेळी खोलीवर येऊन वरणभात लावता येणे ही चैन नव्हे. शेगडी बहुधा इंडक्शनची असते, त्यामुळे घरचा अॅल्युमिनियमचा छोटा कुकर नेण्यात अर्थ नाही. न्यायचाच असेल तर इंडक्शनवर चालणारा न्यावा.

पूर्ण घर भाड्याने घेताना कायद्याची बाजू तपासावी. पॅरिसमध्ये अशा घराच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक देणे बंधनकारक आहे, आणि मालकाचे स्वतःचे राहते घर असेल तर १ जानेवारी २०२५ पासून ते वर्षात जास्तीत जास्त ९० दिवसच पर्यटकांना देता येते. क्रमांक नसलेली जाहिरात कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी, कारण ऐनवेळी आरक्षण रद्द झाले तर भर मोसमात त्याच दरात दुसरी जागा मिळत नाही.

खोली आणि जिना यांची चौकशी

युरोपातल्या तारांकित वर्गीकरणाबद्दल आपल्याकडे गैरसमज आहेत. फ्रान्समध्ये तीन तारांच्या हॉटेलात दोघांची खोली बाथरूम धरून किमान साडेतेरा चौरस मीटर असावी लागते, म्हणजे साधारण १४५ चौरस फूट. त्यात दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येतीलच असे नाही. म्हणून खोलीचे छायाचित्र न पाहता क्षेत्रफळाचा आकडा पाहावा. दोन मित्र किंवा दोन बहिणी जात असतील तर वेगळ्या खाटा स्पष्टपणे मागाव्यात, कारण तिथला दोघांचा पलंग अनेकदा केवळ १४० सेंटिमीटर रुंद असतो.

लिफ्टची चौकशी तर लेखीच करावी. एकदा आम्ही घेतलेल्या घराच्या जाहिरातीत ‘पाचवा मजला, प्रकाशमान’ असे लिहिले होते आणि लिफ्टचा उल्लेख नव्हता. पाच मजले म्हणजे लिफ्ट असणारच, हे मी मुंबईच्या हिशेबाने गृहीत धरले. प्रत्यक्षात होता तो घासून गुळगुळीत झालेला, वळत वळत वर जाणारा लाकडी जिना. त्यावरचा दिवा बटण दाबल्यावर ठरावीक वेळच जळतो, हेही आम्हाला माहीत नव्हते. तिसऱ्या मजल्यावर तो विझला. आई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने चकल्यांचा डबा धरून अंधारात उभी, मी बॅग पायरीवर टेकवून भिंतीवर बटण चाचपत होते. पुढचे सहा दिवस आई दुपारच्या विश्रांतीला घरी आलीच नाही, कारण एकदा उतरल्यावर पुन्हा चढायचे नाही हे तिने ठरवून टाकले होते. त्या घराचे भाडे कमी होते, पण दुपार घालवण्यासाठी कॅफेत दिलेले पैसे मोजले असते तर लिफ्टचे हॉटेल परवडले असते.

त्यामुळे विचारायचे प्रश्न असे: लिफ्ट आहे का, ती खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी पायऱ्या आहेत का? जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली असल्यामुळे तिच्यात दोन माणसे आणि एक बॅग एवढेच मावते, आणि ती कधी कधी पहिल्या जिन्यानंतर सुरू होते.

जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी वातानुकूलन आहे का हे आवर्जून पाहावे. पॅरिस म्हणजे थंड प्रदेश, हा समज आता सोडायला हवा. २५ जुलै २०१९ रोजी तिथे ४२.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. शहरातील जुन्या इमारतींची छपरे जस्ताच्या पत्र्याची असतात, आणि त्यांच्या लगेच खालची, पूर्वी नोकरांसाठी असलेली खोली आज ‘छपरांचे दृश्य’ म्हणून विकली जाते. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापते, आणि छताला पंखा असण्याची पद्धत तिथे नाही.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मार्ग १४ सोडला तर जुन्या मेट्रो स्थानकांत सरकते जिने आणि लिफ्ट यांची खात्री देता येत नाही. बस मात्र खालच्या पातळीच्या आणि चढायला सोप्या असतात. म्हणून जागेच्या जवळून कोणती बस जाते हेही पाहून ठेवावे. बस क्रमांक ६९ बास्तियपासून लूव्रवरून आयफेल टॉवरपर्यंत जाते आणि बसल्या जागी अर्धे शहर दाखवते.

खर्चाची खरी बेरीज

दोन जागांची तुलना करताना रात्रीच्या भाड्यात तीन गोष्टी मिळवाव्यात. पहिली, पर्यटक कर. तो माणशी, प्रत्येक रात्रीसाठी आणि हॉटेलच्या दर्जानुसार लागतो, आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये त्यात मोठी वाढ झाली. त्या वर्षी तीन तारांच्या हॉटेलात तो ५.२० युरो होता, म्हणजे दोघांना पाच रात्रींचे ५२ युरो. १८ वर्षांखालील मुलांना तो लागत नाही. आरक्षणाच्या रकमेत तो धरलेला आहे की हॉटेलात वेगळा द्यायचा आहे, हे पाहावे.

दुसरी गोष्ट प्रवासखर्च. जानेवारी २०२५ मध्ये मेट्रो आणि आरईआरचे एकेरी तिकीट, विमानतळाचे सोडून, अंतर न पाहता २.५० युरो झाले. चौघांनी दिवसातून दोनच फेऱ्या केल्या तरी त्या दराने रोजचे २० युरो होत. आठवड्याचा नाविगो पास २०२५ मध्ये ३१.६० युरोला होता आणि त्यात विमानतळाचा प्रवासही येतो. पण तो कोणत्याही सात दिवसांचा नसून सोमवार ते रविवार असा चालतो, म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी पोहोचणाऱ्यांना तो सर्वाधिक फायद्याचा. तिसरी गोष्ट न्याहारी. हॉटेलची न्याहारी महाग वाटली, तर खालच्या बेकरीतला क्रोआसाँ आणि कॉफी पुरेशी होते.

आरक्षण आणि व्हिसा

शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत संपूर्ण मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणून प्रथम मोफत रद्द करता येईल असेच आरक्षण सर्व प्रवाशांच्या नावांसह करावे आणि रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसा मिळण्याच्या अंदाजानंतरची असेल हे पाहावे. नातेवाइकांकडे उतरणार असाल, तर त्यांना तिथल्या नगरपालिकेतून यजमानपत्र काढून तुम्हाला पाठवावे लागते. त्याला वेळ लागतो, त्यामुळे हे काम सर्वांत आधी सुरू करावे.

निघण्यापूर्वीचा शेवटचा निरोप

निघण्याच्या आठवडाभर आधी जागेच्या मालकाला किंवा हॉटेलला पोहोचण्याची वेळ कळवावी. भाड्याच्या घराच्या बाबतीत दरवाजाचे सांकेतिक अंक लेखी मागून घ्यावेत. अनेक इमारतींना एक अंक रस्त्यावरच्या दाराला आणि दुसरा आतल्या चौकातील दाराला लागतो, आणि चौकातून दोन-तीन वेगळे जिने वर जातात, त्यामुळे कोणता जिना, कितवा मजला आणि डावीकडचे दार की उजवीकडचे, हेही विचारावे. ही माहिती फोनसोबत कागदावरही लिहून ठेवावी आणि त्याची एक प्रत आईच्या पर्समध्ये द्यावी, कारण रस्त्यात बॅटरी संपली तर त्या अंकांशिवाय दार उघडत नाही.